थंडी, राळ्याची पेज आणि आपले कोटणीस डॉक्टर

इथं उत्तर चीनमध्ये घरातलं हीटिंग आपल्या मर्जीनं नाही, सरकारी तारखेनं सुरू होतं. आमच्या शीजियाझुआंगात ती तारीख १५ नोव्हेंबर. त्याआधी कितीही गारठा पडो, भिंतीवरचा रेडिएटर थंडगार. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचे या दिवसांत लय हाल होतात. मला नेमका तेव्हाच ताप भरला. फ्लॅटवर एकटाच. औषधाच्या दुकानात घशाकडं बोट दाखवून गोळ्या आणल्या. आई फोनवर म्हणाली, "सोड ती नोकरी अन् ये की रे परत."

शेजारच्या आजींनी पेज आणून दिली. पिवळी, पातळ, ना मीठ ना तिखट. पहिल्याच चमच्याला ओळखलं, हे तर राळे! भोगीला आपण राळ्याचा भात करतो, तेच. इकडं रोज सकाळी त्याची पेज पितात.

ताप उतरल्यावर इथल्या शहीद स्मारकात गेलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथंच आहे, चीनच्या मदतीला आलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही. मी भारतातला म्हटल्यावर दारावरचे काका लगेच म्हणाले, "के दिहुआ!" कोटणीसांचं चिनी नाव. मी त्यांच्याच गावचा, हे समजावताना मोबाइलवर नकाशा काढून सोलापूर दाखवलं, तर काकांनी हातच धरला.

१९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला आले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे चोळकरही होते. इथं आल्यावर थोड्याच दिवसांत कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं. तरी ते राहिले. काही सोबती परत गेले, तरीही राहिले. वुताईच्या डोंगरात, जपान्यांच्या वेढ्यात, औषधांची टंचाई असताना जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. खायला बहुतेक वेळा हेच राळे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. हा माणूस चिनी शिकला. नुसतं बोलण्यापुरतं नव्हे, मुलांना वैद्यकी शिकवण्याइतकं. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहायला घेतलं. बॉम्बगोळ्यांत धीर धरणं एकवेळ समजू शकतं. पण दिवसभर जखमा शिवून रात्री कंदिलाच्या उजेडात ही अक्षरं गिरवायची? मी इथं लिफ्टमधली पाटी वाचताना घामाघूम होतो. (त्यांच्या हालांशी माझ्या सर्दी-तापाची बरोबरी करत नाहीये, बरं का. व्हॉट्सॲपवर 'आमचा दुसरा कोटणीस' म्हणून फोटो फिरवणाऱ्या मामांनी नोंद घ्यावी.)

शेवटी त्यांना फिट्स येऊ लागल्या. काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय अवघं ३२. पत्नी क्वो चिंगलान चीनच्याच, परिचारिका. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

आमच्या शाळेनं आम्हाला सिद्धेश्वर तलाव दाखवला, चार पुतळ्यापाशी नेऊन हुतात्म्यांची नावं पाठ करून घेतली. भैय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या घरी, जिथं आता स्मारक आहे, तिथं मात्र कधी नेलं नाही. जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला येतोय, तेव्हा भाच्यांना घेऊन जाणार आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मलाही ने. रोज त्याच रस्त्यानं मंडईला जाते, आत कधी गेलेच नाही बघ."