उताऱ्यावरची अकरा नावं

ग्रामपंचायतीत पंच म्हणून निवडून आले तेव्हा घरोघर सांगितलं होतं, गावात उद्योग आणीन. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मोठी कंपनीच होती. गोव्याच्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या होंडा, पिसुर्ले, भुईपाल या औद्योगिक वसाहतींत कामाला जायला आमची मुलं अंधारात बस पकडत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा दारादारात उभे राहिलेले ट्रकही पाहिले होते. मी निवेदनं दिली, मंत्र्यांना भेटले. वाळपईपासून आत, घाटाच्या पायथ्याला, पहिल्या पावसात वीज जाणाऱ्या गावात कोणीही आलं नाही.

शेवटी उद्योग निघाला तो शेजारच्या घरातून. त्यांची सून लग्नाआधी सहा वर्षं काजूच्या कारखान्यात होती. एकदा विहिरीवर म्हणाली, "काकी, आपली बी पोत्यात भरून बाहेर जाते नि गणेशचवथीला गर आपणच दुकानातून आणतो. इथंच फोडली तर?" मला ते मनापासून पटलं. त्या दिवसापासून मी कंपनीचा नाद सोडला आणि तिच्या मागे उभी राहिले.

तिच्या सासऱ्यांच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, रस्त्याकडचा तुकडा वस्तीच्या पट्ट्यात येत होता. जमीन मोकासो किंवा आल्वारातली, म्हणजे जुन्या राजवटीत दिलेली नि अजून मालकी न सुटलेली, नव्हती, हे आमच्या सत्तरीत मोठं भाग्य. पण एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा, उतारा काढला तर त्यावर अकरा नावं! त्यातले तिघं कधीच वारलेले. जमीन बिगरशेती करायची सनद असो की बँकेचं कर्ज, आधी ही नावं निस्तरल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. वकिलांनी समजावलं की गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून जागा सुनेला भाड्याने द्यायच्या कागदावर उताऱ्यातल्या एखाद्या आत्याची सही घ्यायची तर आत्याच्या यजमानांचीही लागते. वारलेल्यांसाठी वारसा दस्त करावा लागला. अकराच्या सह्या सतरा झाल्या.

एक आत्या बेळगावला. मी आणि सून चोर्ला घाटाने बसने गेलो. यजमानांनी चहा दिला, कागद मात्र बाजूला सारला. "आज भाड्याचा कागद म्हणता, उद्या हिस्सा गेला तर?" मला राग आला नाही. बाईमाणसाचा माहेरचा हिस्सा असाच बोलता बोलता जातो, हे मीही पाहिलंय. परत येऊन वकिलांकडून भाडेपट्टा नव्याने लिहून घेतला. त्यात कोणाचाही हक्क सोडलेला नाही असं स्पष्ट घातलं आणि आत्याच्या वाट्याचं भाडं आकड्यात लिहिलं. दुसऱ्या खेपेला आत्याने स्वतःच पेन मागितलं. या सगळ्यात सात महिने गेले. गावात उद्योग का उभे राहत नाहीत म्हणून कोणी विचारलं तर मी आधी हे सात महिने सांगते.

ग्रामसभा सोपी जाईल असं वाटलं होतं, तशी गेली नाही. सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीचं जमिनीसाठीचं आंदोलन आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथून मागे घेतलेला आयआयटी प्रकल्प सगळ्यांच्या मनात ताजा होता. जमीन जाणार का, धूर होणार का, टरफलाचं तेल विहिरीत उतरणार का? प्रश्न रास्तच होते. चौघांना घेऊन मी एक चालू युनिट दाखवून आणलं. मग ठरावातच लिहिलं की बी उघड्यावर भाजायची नाही, वाफवायची. टरफल पत्र्याखाली साठवायचं आणि तेल काढणाऱ्यांना विकायचं. विरोधात सर्वांत जास्त बोललेल्या म्हाताऱ्या काकांनीच त्या अटी एकेक करून वाचून घेतल्या.

पीएमईजीपी, म्हणजे छोट्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना, तिचा अर्ज सुनेच्या नावाने केला. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अनुदानाची रक्कम मात्र हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. एका बँकेने फाईल दोनदा परत केली, दुसरीने घेतली. उद्यम नोंदणी, अन्नपरवाना, प्रदूषण मंडळाची संमती हे कागद चिकाटीने होतात, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

खरी अडचण यंत्रं आल्यावर समजली. बी येते मार्च ते मे. वर्षभर काम चालवायचं तर त्याच तीन महिन्यांत वर्षाची बी विकत घेऊन, वाळवून, भरून ठेवावी लागते. ८० किलोचं पोतं फोडलं की जेमतेम २० किलो गर निघतो, आणि त्याचे पैसे येतात सावकाश, दिवाळीपर्यंत. बँकेने बॉयलरला, कटरला, ड्रायरला कर्ज दिलं, पण खेळतं भांडवल दिलं ते एका महिन्यापुरतं. यंत्रं तयार नि बी घ्यायला पैसे नाहीत, अशी वेळ आली. सून ओट्यावर बसून रडली. मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले.

तेव्हा गाव उभं राहिलं. आम्ही बागायतदारांना विचारलं की अर्धे पैसे रोख घ्या, अर्धे चवथीच्या आधी देऊ. चौदा घरांनी होकार दिला. माझ्याकडे एक वही होती. त्यात पोत्यांचं वजन, भाव, तारीख आणि देणाऱ्याची सही घ्यायचे. सगळ्यांचे पैसे चवथीआधी नाही देता आले. दोन घरांना दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं, त्याची मला आजही खंत आहे. पुढच्या हंगामात त्या दोघांचे पैसे आम्ही सर्वांत आधी चुकते केले.

आज तिथे नऊ बायका काम करतात. पहिल्या महिन्यात टरफलाच्या तेलाने बोटांची साल निघायची. शेवंतीच्या पाकळीसारखी पातळ साल सुटलेली बोटं एकीने मला पदराआडून दाखवली, घरी कळलं तर कामावर पाठवणार नाहीत म्हणून. त्याच दिवशी हातमोजे आणले. मोज्यांनी बी नीट धरता येत नाही म्हणून त्या कुरकुरतात, मग इतर कामाला खोबरेल आणि राख लावून बसतात. पण कटरवर मोजे घातल्याशिवाय कोणाला बसू द्यायचं नाही, हे सुनेने भिंतीवर खडूने लिहिलंय. अखंड गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा अशा परड्या मांडल्या की ती एकेक परडी उजेडात धरून बघते.

थ्री-फेज लाईन मात्र अजून जुन्याच खांबांवरून येते. पावसात वीज गेली की ड्रायरमधला गर मऊ पडतो आणि तो पुन्हा वाळवावा लागतो. माझी पंचाची मुदत संपली आहे. तरी येत्या रविवारच्या ग्रामसभेला जाणार आहे, त्या खांबांचा ठराव घ्यायला. वहीही बरोबर नेणार आहे, सह्या दाखवायला.