चष्मा, घाम आणि समुद्र

चष्मा बाहेर ठेवा, असं क्रूझवरच्या सौनाच्या, म्हणजे घाम गाळायच्या गरम खोलीच्या, दारावर लिहिलेलं असतं तर माझे कान वाचले असते. आत बसून तीन मिनिटंही झाली नसतील, तोच चष्म्याच्या धातूच्या काड्यांनी कानामागे असा चटका दिला की मी उठून थेट बाहेर. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक फळ्यावर लिहून खडू झिजवले आणि स्वतः सुवाहक डोक्यावर चढवून 84 अंशांच्या खोलीत शिरले. ताई बाकावर बसून पोट धरून हसत होती. तिला वाचायचा चष्मा लागतो, तोही ती केबिनमध्ये विसरते, म्हणून ती सुटली.

सात रात्रींची क्रूझ होती. थर्मल सूटचा, म्हणजे स्पामधल्या गरम खोल्यांचा, पास काढायचा हट्ट ताईचा. मला ते पैसे पाण्यात घालणं वाटत होतं (तसं ते होतंही म्हणा). पण पास मोजकेच असतात, पहिल्या दिवशीच संपतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. त्यामुळे जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या लोक जेवायला पळाले आणि आम्ही दोघी बॅगा घेऊन स्पाच्या काउंटरवर. तिचं बरोबर निघालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पास शिल्लक नव्हते.

जागा जहाजाच्या अगदी नाकाशी, वरच्या मजल्यावर. समोर छतापासून जमिनीपर्यंत काच आणि काचेकडे तोंड करून टाइल्स लावलेल्या, पाठीच्या वळणाच्या गरम आरामखुर्च्या. अंगापेक्षा जरा जास्त गरम, इतक्याच. पहिल्यांदा टेकलं की कडक वाटतात. पाच मिनिटांनी कंबर सैल पडते आणि मग उठायचं नावच नको. मागे सौना, स्टीम रूम, मिठाच्या विटांची एक खोली, वेगवेगळ्या फवाऱ्यांचे शॉवर, भुगा बर्फाचं एक भांडं आणि दोरी ओढली की डोक्यावर गार पाणी ओतणारी लाकडी बादली. एका दारावर ‘टेपिडेरियम’ अशी पाटी. रोमन स्नानगृहातल्या कोमट खोलीचं हे नाव. पुढची गरम खोली ती कॅल्डेरियम आणि गार पाण्याची फ्रिजिडेरियम. आमच्या जहाजावर फ्रिजिडेरियमचं काम ती बादलीच करत होती.

आता माझा आवडता भाग. स्टीम रूमच्या बाहेरचा आकडा 44, सौनाचा 84. तरी ताई सौनात निवांत बसायची आणि स्टीम रूममधून चार मिनिटांत ‘जीव गुदमरला’ म्हणत बाहेर यायची. ‘आकडे उलटे लावलेत यांनी,’ हे तिचं मत. आकडे बरोबर होते. सौनातली हवा कोरडी, त्यामुळे घाम लगेच सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. स्टीम रूममधली हवा वाफेनं आधीच तुडुंब. तिथं घाम सुकायला जागाच नाही. उलट ती वाफ आपल्या त्यामानानं गार कातडीवर जमते आणि जमताना, वाफ होताना घेतलेली अप्रकट उष्णता आपल्या अंगात सोडते. म्हणजे अंगावरून ओघळतं तो सगळा घाम नसतो, बराचसा खोलीचा असतो. वर्गात हे सांगायला मी किटलीचं उदाहरण द्यायचे. मुलांना या खोलीत पाच मिनिटं बसवलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

चष्मा काढल्याचा तोटा असा की मला काही दिसत नाही. स्टीम रूममध्ये तर डोळेवाल्यांनाही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मी समोरच्या धूसर आकृतीला ताईच्या सुनेबद्दल बरंच काही सांगितलं. आकृतीनं दोनदा हुंकारही भरला. बाहेर आले तर ताई आरामखुर्चीवर घोरत होती. ती आकृती कुणाची होती आणि तिला मराठी येत होतं का, या विचारानं पुढचे दोन दिवस जेवायच्या हॉलमध्ये मी मान खाली घालून वावरले.

मसाजबद्दल फार लिहीत नाही. गरम दगडांचा मसाज घेतला, दगड छान होते. पण शेवटच्या दहा मिनिटांत कानाशी तेलं, क्रीमं आणि समुद्री शेवाळाच्या पुड्यांची यादी सुरू झाली आणि बिलात टीप आधीच धरलेली. सैल झालेले खांदे परत कानापर्यंत चढले. पुन्हा गेले नाही.

एक दिवस समुद्र खवळला. जहाज सी-सॉसारखं मधल्या भागाभोवती वरखाली होतं, म्हणून हेलकावे सगळ्यात कमी मधोमध आणि सगळ्यात जास्त टोकांना. आणि स्पा नेमका टोकाला. गरम पाण्याच्या छोट्या तलावातलं पाणी आधी नुसतं डुचमळत होतं. मग जहाजाच्या झोक्याचा आणि पाण्याच्या झोक्याचा ताल जुळला. झोपाळ्याला वेळेवर दिलेला धक्का जसा झोपाळा चढवतो, तसं पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर चढायला लागलं. ‘अनुनाद!’ मी ओरडले. कर्मचाऱ्यांनी आम्हाला बाहेर काढलं, पाणी उतरवलं आणि वर जाळी ओढली. ताईला मळमळत होतं. मला मात्र तो तासभर फार आवडला.

तलावाशी दर थोड्या वेळानं एक मुलगी नळी घेऊन यायची, पाणी भरून रंगावरून त्यातलं जंतुनाशक तपासायची. ताईला वाटलं, दिखावा. तो दिखावा नव्हे. 1994 मध्ये एका क्रूझ जहाजावरच्या गरम पाण्याच्या टबातून लीजनेअर्स हा फुप्फुसांचा आजार पसरला होता आणि 50 प्रवासी आजारी पडले होते. त्याच्या जिवाणूला कोमट पाणी मानवतं आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांवर बसून तो श्वासात शिरतो. मी तिला हे सांगितलं, तेव्हापासून ती त्या मुलीला रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागली.

त्याच मुलीला मी विचारलं, एवढं गोडं पाणी येतं कुठून? समुद्रातूनच. इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून खारं पाणी कमी दाबाखाली उकळतात, म्हणजे शंभर अंशांपर्यंत तापवावं लागत नाही. ती वाफ गार केली की गोडं पाणी. शिवाय पडद्यातून दाबानं गाळून घेण्याची यंत्रंही असतात. म्हणजे मी ज्या वाफेत बसले, ती एकदा जहाजाच्या पोटात वाफ होऊन आलेली असू शकते. मी हे दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले.

ताईनं विचारलं, हे बोटीवर घाम गाळायचं खूळ कुणाचं? जुनंच आहे. 1912 मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी तुर्की हमाम होता, तिकीट 4 शिलिंग. 2005 मध्ये तिथल्या गार होण्याच्या खोलीपर्यंत कॅमेरा पोचला, तर भिंतींवरच्या रंगीत टाइल्स अजून जागच्या जागी. हे मी नेमकं गरम टाइल्सवर पडल्या पडल्या सांगितलं. ताईनं आरामखुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि म्हणाली, ‘तुला वेळकाळ काही कळतं का गं?’

एक मात्र सांगते. ताई बीपीची गोळी घेते. गरमीनं रक्तवाहिन्या फुलतात, दाब उतरतो आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्या दिवशी तिला भिंत धरावी लागली. मग आम्ही ठरवलं, सौनात दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. उठायच्या आधी एक मिनिट पाय खाली सोडून बसायचं. मध्ये पाणी प्यायचं. आणि बादलीची दोरी फक्त मी ओढायची.

शेवटच्या संध्याकाळी लोक सामान बांधायला गेले आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. इंजिनाची बारीक थरथर टाइल्समधून पाठीला कळत होती. चष्मा बाहेर लॉकरमध्ये, त्यामुळे काचेपलीकडे माझ्यापुरता नुसता करडा पट्टा.

‘काय दिसतंय गं?’ मी विचारलं.

‘काही नाही. पाणीच.’

‘आता?’

‘पाणीच.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘एक पक्षी गेला.’