पाडवा ते मंडई: रामटेककडच्या गावात लेकरांसोबत

दिवाळीत लेकरांना गाव दाखवायचं असेल तर पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोचा. सकाळी नागपूरहून निघालात तर गायगोधन, म्हणजे पाडव्याची गाई-गुरांची पूजा, हातचं गेलंच समजा. रामटेक तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात माझ्या मावशीचं घर आहे, तिथे यंदा आम्ही सगळे जमलो होतो. कामठी, कन्हान करत जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे रामटेक. अंतर साधारण ५० किलोमीटर. एसटी आहे, रेल्वेही आहे, पण रामटेकच्या पुढे खेड्यात जायला आपली गाडी बरी पडते, कारण दिवाळीत ऑटो मिळेलच असं नाही.

पाडव्याला गोठा उजाडण्याआधीच जागा होतो. गाई-वासरांना धुवायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात झेंडूच्या माळा घालायच्या. आमची धाकटी आधी दाराच्या आडच उभी होती. मावशीने तिच्या हातात रंगाची वाटी दिली, म्हणाली, "घाबरू नको माय, ते काही करत नाही. तू फक्त समोरून ये, मांगून येऊ नको." पुढचा तासभर धाकटीने कोणाला शिंगांजवळ फिरकू दिलं नाही. शेणाचा गोवर्धन अंगणात मांडला, त्याची पूजा झाली, गाईंना खिचडी भरवली आणि मग सगळ्यांनी जेवायचं, या क्रमाने. भूक लागली म्हणून मुलांना आधी वाढू नका. गाईचं आधी होतं, हे त्यांना त्या दिवशी पोटातून कळतं.

दुपारी गोवारी मंडळी ढाल घेऊन निघाली. मोरपिसांनी सजवलेली ती उंच ढाल, डफ, बासरी, आणि मागे गावची गुरं. वर्षभर गावाची गुरं राखणाऱ्या समाजाचा हा मानाचा दिवस. दारात ढाल आली की पूजा करून धान, पैसे द्यायची रीत आहे. ते पैसे मुलांच्या हातून द्या. थोरल्याने विचारलं, "नागपुरात गोवारींचा पूल आहे ना, तेच का हे?" तेच. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी गेले, त्यांच्या नावाचा तो उड्डाणपूल आणि झिरो माइलजवळचं स्मारक. ढालीसोबत नाचणारे लोक बघितल्यावर हे सांगितलं की ती नुसती पाटीवरची ओळ राहत नाही.

भाऊबीज घरोघरी असते तशीच. तिच्यानंतर मात्र मंडईचे दिवस लागतात, आणि माझ्या मते पूर्व विदर्भातल्या दिवाळीचा प्राण यातच आहे. मंडई म्हणजे जत्रा खरी, पण देवापेक्षा पाहुण्यांची. ज्या गावची मंडई, त्या गावात घरटी सोयरे येतात, लेकी माहेरी येतात, जमलेल्या माणसांत लग्नांच्या गोष्टीही निघतात. दुपारी बाजार भरतो, तिथे जिलबी, रेवड्या, फुगे आणि उकडलेले शिंगाडे मिळतात. शिंगाडे ढिवरांनी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाने, गावच्याच तलावातून काढलेले असतात, ते नक्की घ्या. सोलायला मुलांना वेळ लागतो, तो लागू द्या. मग दंडार किंवा खडी गंमत ही इथली लोकनाट्यं रंगतात, कधी रात्री उशिरापर्यंत नाटक. लहान मुलं समोर चटईवर बसतात आणि तिथेच झोपतात, म्हणून एक जाड चादर आणि कानटोपी सोबत असू द्या. मंडईची तारीख गावागणिक वेगळी असते आणि ती कॅलेंडरात सापडत नाही. गावातल्या माणसाला फोन करूनच विचारा.

शेतात नेताना बंद बूट हवेत. धान कापणीचे दिवस असतात, धुऱ्यावर (बांधावर) आणि पुंजण्याजवळ (कापलेल्या धानाच्या ढिगाजवळ) साप निघू शकतो. चपलेवर मुलांना सोडू नका. रामटेकच्या गडावर जाणार असाल तर हातात खाऊची पिशवी नको, माकडं ओढून नेतात. त्रिपुरी पौर्णिमा पाडव्यानंतर पंधरवड्याने येते. तेव्हा गडावर फार गर्दी असते, म्हणून कडेवरचं मूल असेल तर आधीच्या एखाद्या सकाळी राममंदिर बघून घ्या.

दिवाळीत जमलं नाही तर जानेवारीत जा, पण तेव्हाची मजा वेगळी. शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतात, सोल्यांचा, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचा, भात होतो. संक्रांतीत घरी लहान बाळ असेल तर बोरन्हाण घालतात, बोरं वेचायला गल्लीतली सगळी पोरं धावतात. पारा कधी १० अंशांच्याही खाली उतरतो, पहाटे शेकोटीशिवाय चालत नाही. पतंग नेलात तर साधा दोराच घ्या, नायलॉन मांजावर बंदी आहे आणि गावात झाडांवर बगळे बसलेले असतात.

जाताना मिठाईचे डबे नेण्यापेक्षा मुलांना थोडी कामं ठरवून द्या: वासराला पाणी, अंगणात सडा, संध्याकाळच्या पणत्या. मावशीसारख्या घरात पाहुण्याला काम सांगायला संकोच करतात, म्हणून आपणच पहिल्या दिवशी विचारून घ्यायचं.