सहकुटुंब, सहपरिवार

लग्नसराई आली की आमच्या फ्रिजवर पत्रिकांची चळत चढते. मला आधी पाकीट वाचायची खोड आहे. मुहूर्त, स्थळ, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हे सगळं नंतर. पाकिटावर ‘सहकुटुंब सहपरिवार’ आहे की नुसतंच ‘श्री.’, त्यावर घरातून किती चपला बाहेर पडणार ते ठरतं.

खोड मूळची आजोबांची. त्यांची विधवा बहीण, आमच्या अक्का, आमच्याकडेच असायच्या. एकदा एक नातलग पत्रिका घेऊन आले. चहा झाला, उंबऱ्यात चपला घालता घालता ते म्हणाले, “शुभकार्य आहे, तेव्हा अक्कांना तेवढं...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. आजोबा “बरं” म्हणाले. लग्नाच्या दिवशी घरी पिठलं-भात झाला. कुणीच गेलं नाही.

परवा अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल वाचताना ते पिठलं आठवलं. फुटबॉल म्हणजे त्यांचा, लांबुळक्या चेंडूचा. त्या खेळात पायाला काम फार थोडं, खांद्याला फार. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा ‘डॉन्स’ हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. ऑली मॅटसन नावाचा गडी चेंडू काखोटीला मारून सुटला की मागे नुसती धूळ. त्या हंगामात तो १,५६६ यार्ड धावला, देशात सगळ्यांत जास्त. न्यूयॉर्कला फोर्डमविरुद्ध तर प्रतिस्पर्ध्यांनी लाथाडलेला चेंडू झेलून त्यानं दोनदा मैदानाचं पार दुसरं टोक गाठलं. बचावात बर्ल टोलर होता आणि महायुद्धात लढून आलेला जिनो मार्केटी. तो मोटरसायकलवरून, चामडी जॅकेट घालून कॉलेजात येई. बॉब सेंट क्लेअर कच्चं मांस खायचा. (हे वाचून आमच्या घरात दोघांनी जेवण पुढे ढकललं.)

असा हंगाम काढला की नव्या वर्षाच्या सुमाराला होणाऱ्या ‘बोल’ सामन्याचं बोलावणं येतं. बोल म्हणजे वाडगा; पॅसाडेनाच्या वाडग्यासारख्या स्टेडियमवरून ते नाव पडलं. या पोरांचा शेवटचा सामना त्याच स्टेडियममध्ये झाला. लोयोलाला त्यांनी २०-२ नं हरवलं. पण तो नेहमीचा सामना, मानाचा नव्हे. मानाचं बोलावणं दक्षिणेतून यायचं होतं आणि कॉलेजला त्याची गरजही होती, कारण फुटबॉलचा खर्च परवडेनासा झाला होता. निरोप आला तो असा: या, पण मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. दोघं कृष्णवर्णीय होते. संघात दोघंच.

उंबऱ्यातल्या त्या अर्ध्या वाक्यासारखंच हे. पोरांनी मतं घेतली नाहीत, समिती नेमली नाही. दोघं नाहीत तर कुणीच नाही, एवढंच. ज्या पॅसिफिक कॉलेजच्या संघाला त्यांनी ४७-१४ नं झोडपलं होतं, तो ‘सन बोल’ नावाच्या तशाच मानाच्या सामन्याला गेला. डॉन्स घरी राहिले. आणि त्या हंगामानंतर कॉलेजनं फुटबॉल बंदच केला. पिठलं निदान दुसऱ्या दिवशी तरी बदलतं.

पुढच्याच उन्हाळ्यात, १९५२ साली, मॅटसन हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेला आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आला, शिवाय रिलेमध्ये रौप्य. त्याच हेलसिंकीत आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्य जिंकले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. दोघांची तिथे गाठ पडली असेल का, हा विचार मला उगाच आवडतो. एकमेकांना काय बोलले असते? बहुधा काहीच नाही. पैलवान आणि धावपटू दोघंही धापा टाकत असतात.

डॉन्सची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल नावाचा तरुण होता. तो पुढे व्यावसायिक फुटबॉलचा सर्वेसर्वा झाला. त्याआधी, १९५९ साली, लॉस एंजेलिसच्या संघाचा कारभार त्याच्याकडे असताना त्यानं मॅटसनला घेण्यासाठी आपले नऊ खेळाडू देऊन टाकले. एकासाठी नऊ! टोलरचा गुडघा गेला, त्यामुळे त्याला व्यावसायिक खेळता आलं नाही. पण १९६५ साली तो शिट्टीवाल्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात मैदानात उतरला, व्यावसायिक फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून. विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला आज त्याचं नाव आहे.

आमच्याकडची ती पत्रिका बरीच वर्षं होती. तिच्या कोऱ्या पाठीवर आजोबांनी वाण्याची यादी लिहिली होती. पहिलंच नाव बेसनाचं.