तुम्ही विचारलंत म्हणून: माश्या मारायला एवढं शिकलीस?

मे महिन्यात गुहागरला घरी गेले की शेजारचे काका हमखास विचारतात, "काय गो, अजून माश्याच मारतेस?" मी पुण्यात लॅबमध्ये फळमाश्यांवर काम करते एवढं त्यांना माहितीये, आणि स्वतःची हापूसची कलमं असल्यामुळे फळमाशी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरतं. तर काका, आंब्यात अंडी घालणारी, जिच्यासाठी तुम्ही दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगता, ती फळमाशी वेगळी. माझी म्हणजे आपलं साधं चिलट, ड्रॉसोफिला, परवा पडवीत बरका फणस फोडल्यावर गऱ्यांवर जमली होती ना ती.

आणि मारत नाही हो, पाळते. नळीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, वर कापसाचं बूच, दहाएक दिवसांत नवी पिढी हजर. भाच्याला भिंगातून एक दाखवली तर म्हणाला, मावशी, हिचे डोळे रातांब्यासारखे लाल आहेत.

त्या डोळ्यांचीच गोष्ट आहे सगळी. चिलटात एक जीन (जनुक, म्हणजे शरीर कसं घडवायचं याची डीएनएमधली एक सूचना) आहे, नाव आयलेस, म्हणजे बिनडोळ्याचा, कारण तो बिघडला की माशीला डोळे नीट येतच नाहीत (माशीच्या जीनांना बरेचदा अशी बिघाडावरूनच नावं पडतात, डोळा करणाऱ्याचं नाव बिनडोळ्या, आपल्याकडे सहा फुटी माणसाला बारक्या म्हणतात तसं). आणि माणसात पॅक्स-६ नावाचा जीन आहे, अकराव्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर), त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर मूल डोळ्यातल्या रंगीत पडद्याशिवाय किंवा अर्धवट पडद्यासह जन्मतं, त्याला अनिरिडिया म्हणतात. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात वॉल्टर गेरिंग यांच्या लॅबने दाखवलं की हे दोन्ही एकाच घराण्यातले जीन आहेत, त्यांच्यावरून बनणाऱ्या प्रोटीनचा जो भाग डीएनएला धरतो तो तर दोघांत जवळजवळ सारखाच.

पुढच्याच वर्षी त्यांनी कहर केला. आयलेस जीन माशीच्या अंगात भलत्याच जागी चालू केला आणि पायावर, पंखावर, मिशीवर चक्क डोळे उगवले! मग उंदराचा पॅक्स-६ माशीत घालून बघितला, तरी डोळा आला, पण उंदराचा नाही, माशीचाच, बारीक बारीक भिंगांचा. कारण हे प्रोटीन स्वतः डोळा बनवत नाही, ते बाकीच्या जीनांना कामाला लावतं. घर बांधा असा निरोप मुंबईहून आला तरी आपला गवंडी चिऱ्याचंच बांधणार ना, तसं.

म्हणजे माणसाचा जीन माशीत गेला असं नाही हां, काका दरवेळी तिथेच घसरतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, त्याच्याकडूनच दोघांना मिळाला. म्हणून पॅक्स-६ कोणाला कामाला लावतो हे माणसाच्या बाळात शोधता येत नसलं तरी माशीत शोधता येतं, दहा दिवसांत उत्तर.

एवढं सगळं ऐकून काका म्हणाले, "मग माझ्या मोतीबिंदूचं बघ की." त्याला माझी माशी काही करू शकत नाही काका, आगोटीच्या आधी ऑपरेशन करून घ्या.