आबांच्या चेहऱ्यावरचे फोड

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तरी आबांच्या गालाचा कॅन्सर मानेत परतला. डॉक्टरांनी या वेळी गोळ्या लिहिल्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब. शिवाय दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं इंजेक्शन, नेहमीच्या डोसच्या मानाने अगदीच थोडं. टाटा मेमोरियलच्या चाचणीत नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर 16.3 टक्के रुग्ण हयात होते, हे इंजेक्शन जोडल्यावर 43.4 टक्के. आकडे मी आईला सांगितले नाहीत.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून ती मी माझ्या कपाटात ठेवली. अर्लोटिनिब उपाशीपोटी. आबांची रोजची ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद केली, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की अर्लोटिनिब नीट शोषलं जात नाही.

मग चेहऱ्यावर, छातीवर पुरळ उठलं. आबा वैतागले, "म्हातारपणी तारुण्यपीटिका!"

डॉक्टरांनी कागदावर पेशी काढून दाखवली. तिच्या आवरणावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे निरोप टिपणारं प्रथिन, असतो. त्याला बाहेरून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप आणणारं प्रथिन, चिकटला की आत एका वाटेने रास आणि मॅप कायनेज, दुसरीने पीआय-थ्री कायनेज आणि एकेटी ही निरोप्या प्रथिनं जागी होतात. वाढ, विभागणी कर, मरू नकोस, असा निरोप केंद्रकापर्यंत जातो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर बहुतेकदा भरमसाट असतो. अर्लोटिनिब त्याच्या आतल्या टोकाला बसतं. बेलचं बटण कुणी कितीही दाबो, तारच काढलेली. सेलेकॉक्सिब, एरवी सांधेदुखीवर देतात ती, कॉक्स-2 या सूज आणणाऱ्या एन्झाइमची वेगळी वाट अडवते.

पण निरोगी कातडीलाही ईजीएफआर लागतो; तो अडला, म्हणून हे पुरळ. शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना या ग्रोथ फॅक्टरचा सुगावा लागला तोच, तो असलेला अर्क टोचल्यावर नवजात उंदरांचे डोळे वेळेआधी उघडले म्हणून. पापण्यांची त्वचा लवकर तयार झाली होती. त्यांना 1986 साली नोबेल मिळालं. आबांना नोबेलपेक्षा उंदरांचं जास्त कौतुक.

डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, साधं मॉइश्चरायझर आणि उन्हात टोपी, यावर पुरळ आटोक्यात आलं. मुरमांची क्रीम मात्र लावू नका, कातडी आणखी कोरडी पडते. "पुरळ म्हणजे औषध लागू पडलं ना?" असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "ते स्कॅन सांगेल." स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नव्हती. गोळ्या चालू ठेवल्या. आता आबांच्या पापण्यांचे केस लांब होऊन डोळ्यांत टोचतात, तेही याच औषधामुळे.