एवढ्याशा गावात करमतं कसं?

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "वेल्सच्या त्या टोकाला, एवढ्याशा गावात करमतं कसं गं तुला? मिळतं तरी काय तिथे?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ॲबरिस्टविथ आडबाजूला आहे, हे खरंच. श्रूझबरीहून येणारी रेल्वे इथे संपते, पुढे समुद्रच. बर्मिंगहॅम रेल्वेने तीन तासांवर. माझा कढीपत्ता तिथूनच येतो, आणि फोडणीत तो नसला की मला चुकल्यासारखं होतं.

पण रोजचं सगळं चालत जाण्याजोगं आहे. चढावर हॉस्पिटल, त्याच्या वर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणखी वर विद्यापीठ. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना वेल्समध्ये २००७ पासून पैसे पडत नाहीत. ग्रंथालयाला तर ब्रिटनमध्ये छापलेल्या कुठल्याही पुस्तकाची प्रत मागून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. इतक्या छोट्या गावात! त्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की खाली सगळं गाव आणि त्यापलीकडे कार्डिगनचा उपसागर दिसतो. माझी आवडती जागा तीच.

बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला "दिओल्ख" म्हणतात, म्हणजे वेल्शमध्ये आभार. मीही म्हणते. आपली भाषा दुकानात, रस्त्यात कानावर पडत राहावी म्हणून ही माणसं किती जपतात, ते पाहून घरात मुलांशी मराठीच बोलायचं मी पक्कं केलं.

एका नोव्हेंबरात आई आली होती. तिचाही प्रश्न हाच. संध्याकाळी तिला १८६५ च्या जुन्या धक्क्यापाशी नेलं. हिवाळ्यात साळुंकीच्या कुळातले स्टारलिंग पक्षी त्याच्या खालच्या लोखंडी खांबांमध्ये रात्री वस्तीला येतात. आधी दोन-चार थवे आले, मग आभाळभर. सगळे एकदम वळायचे, काळा पडदा झटकल्यासारखे, आणि अंधारताच धक्क्याखाली शिरायचे. वारा झोंबत होता, तरी आई हलेना.

मग किनाऱ्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. तिथे रस्ता संपतो आणि लोखंडी कठडा लागतो. त्याला पाय लावूनच मागे फिरायचं, असा गावचा रिवाज. मी लावला.

"अगं, पाय काय लावायचा?" आई म्हणाली. तिनेही हळूच पाय टेकवला, आणि लगेच वाकून कठड्याला हात लावून नमस्कार केला.